गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना मदत कशी करावी: वह्यांपासून वर्गापर्यंत

संकलित चाचणीचा निकाल लागतो, तिसरी-चौथीचं गणित कच्चं निघतं आणि केंद्रप्रमुखांना (जवळपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्यावर देखरेख करणारे अधिकारी) नाहीतर विषय साधनव्यक्तीला (त्या विषयात शिक्षकांना मदत करणारी व्यक्ती) निरोप येतो, 'त्या शाळांकडे जरा लक्ष द्या.' लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे निरोपात नसतं. मग एक दिवसाचं प्रशिक्षण लागतं. पीपीटी होते, चहा होतो, उपस्थितीपत्रकावर सह्या होतात आणि सोमवारी फळ्यावर तीच वजाबाकी तशीच सुरू राहते.

केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती, मुख्याध्यापक किंवा शाळेतले एखादे जाणते शिक्षक, ज्यांच्यावर हे काम येऊन पडतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रात्यक्षिक नीट दिसावं म्हणून एकच घटक धरला आहे, हातच्याची वजाबाकी. बाकीच्या घटकांना हाच क्रम चालतो. माझा एकच आग्रह आहे: बोलणं मुलांच्या वह्यांवरून सुरू करा, शिक्षकाच्या पद्धतीवरून नको. पद्धतीवर बोट ठेवलं की शिक्षक बचावाला उभा राहतो. वहीतली चूक समोर ठेवली की तोच शिक्षक तुमच्याआधी विचार करू लागतो.

आधी तपासनीसाची टोपी काढा

शाळेच्या फाटकातून साहेब आत आले की गुरुजींच्या मनात पहिला विचार टाचणाचा, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीचा येतो, दुसरा लॉगबुकात, म्हणजे भेटीच्या शेरेवहीत काय शेरा पडेल याचा. त्यात निपुण भारत अभियानाची माहिती भरायची घाई असते. हे अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यावं, हे त्याचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाबद्दल तक्रार नाही. पण आपल्या वर्गातली कच्ची मुलं उघडी पडली तर दोष आपल्यावर येईल अशी भीती असेल, तर शिक्षक ती मुलं तुम्हाला दाखवणारच नाही. फळ्यापाशी हुशार मुलांनाच उभं करेल.

म्हणून पहिल्याच भेटीत दोन गोष्टी तोंडी ठरवून टाका. गणिताच्या मदतीसाठी आलेल्या दिवशी टाचण, पोषण आहाराची नोंदवही, ऑनलाइन माहिती यातलं काहीही मागायचं नाही. आणि लॉगबुकात लिहावंच लागलं तर काय लिहिणार ते शिक्षकाला आधी वाचून दाखवायचं. 'चौथीच्या मुलांच्या वजाबाकीतील चुका एकत्र तपासल्या, पुढील पाठ मिळून आखला' एवढं पुरतं.

केंद्रातल्या सगळ्या शाळा एकदम घेऊ नका. दोन-तीन शाळा, स्वतःहून तयार असलेले शिक्षक आणि एकच घटक, याने सुरुवात करा. वेळही बघून निवडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामं शिक्षकांना देता येतात, आणि निवडणुकीचं वर्ष असलं की शिक्षक मतदार याद्यांत अडकलेला असतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर पटच हलतो. तिथे जून ते सप्टेंबर हाच कामाचा काळ.

पाच उदाहरणांची चिठ्ठी

मोठी चाचणी नको. अर्ध्या पानावर पाच उदाहरणं पुरतात, पण ती विचारपूर्वक निवडलेली हवीत:

५८ − २३
५२ − २७
३४० − १२६
५०३ − २६७
रमाकडे ४५ रुपये आहेत, सलीमकडे २८ रुपये आहेत. रमाकडे किती रुपये जास्त आहेत?

पहिल्यात हातचा नाही. दुसऱ्यात एकदा आहे, तिसऱ्यात एककाच्या जागी शून्य आहे. चौथ्यात शून्य मधोमध बसलंय, तिथे खरी परीक्षा. पाचव्यात 'जास्त' हा शब्द मुद्दाम घातला आहे. तो दिसला की बरीच मुलं बेरीज करून ७३ लिहितात, कारण 'जास्त म्हणजे मिळवायचं, कमी म्हणजे वजा करायचं' अशी युक्ती त्यांना कधीतरी कुणीतरी दिलेली असते.

मुलांनी कच्चं काम त्याच कागदावर करायचं, खोडायचं नाही. कागद गोळा झाले की गुण देऊ नका. शिक्षकासोबत जमिनीवर बसा आणि एकेका उदाहरणाचे कागद उत्तरांप्रमाणे ढीग करून लावा. ५०३ − २६७ चे साधारण असे ढीग पडतात:

२३६. बरोबर.

३६४. इथे मुलाने प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा केलं आहे: सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून दोन गेले तीन. वरची संख्या कोणती, खालची कोणती, याचं त्याला काही वाटत नाही. त्याच्या लेखी ५०३ ही एक संख्या नाही, शेजारी शेजारी बसलेले तीन अंक आहेत.

२०६. या मुलाने पाचाचा चार केला आणि हातचा थेट तीनाला दिला, तेरातून सात गेले सहा. मधल्या शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून शून्यच ठेवलं. हातचा शेजारच्याकडून घ्यायचा हे त्याला माहीत आहे, पण शेजारी रिकाम्या हाताचा निघाला तर काय करायचं ते माहीत नाही.

२४६. पाचाचे चार झाले, शून्याचे दहा झाले, तीनाचे तेरा झाले. पण दहातून एक पुढे दिल्यावर तिथे नऊ उरतात हे राहून गेलं. हे मूल दाराशी येऊन थांबलेलं आहे.

गुणांच्या हिशेबात तिन्ही उत्तरांना भोपळाच मिळतो, पण तिघांना लागणारी मदत वेगळी आहे. ३६४ वाल्याला पुन्हा शतक-दशकाच्या गठ्ठ्यांकडे न्यावं लागेल. २४६ वाल्याला एखादा नेमका प्रश्न पुरेल. हे शिक्षकाला तुम्ही सांगू नका. ढीग त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, 'या पोराने काय केलं असेल?' दोन-तीन कागदांनंतर गुरुजी स्वतःच म्हणू लागतात, 'अरे, हा दुसऱ्या उदाहरणातही तेच करतोय.' या कामातला सर्वांत मोलाचा क्षण मला हाच वाटतो. भेटीत यापलीकडे काही झालं नाही तरी चालेल.

शंका राहिली तर मुलाला बोलवा आणि एवढंच म्हणा, 'हे कसं केलंस ते मला करून दाखव.' त्या वेळी शिकवायला लागू नका. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. मूल चुकू लागलं की आपला हात आपोआप खडूकडे जातो.

शिक्षकासोबत स्वतः गणित करा

हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. शिक्षकाला वजाबाकी येतेच, मग त्यात काय करायचं, असं वाटतं. त्याला वजाबाकी येते, पण हातच्याची रीत आपण सगळे इतकी वर्षं करत आलोय की ती का चालते हे विचारायचं सुटलेलं असतं. मुलाची अडचण जाणवायला मोठ्या माणसालाही थोडं अडखळावं लागतं.

त्यासाठी एक साधं उदाहरण द्या. ५ तास ३ मिनिटांतून २ तास ४७ मिनिटं वजा करा. घाईत काही जण २ तास ५६ मिनिटं लिहितात, म्हणजे सरळ ५०३ मधून २४७ वजा करून मोकळे होतात. खरं उत्तर २ तास १६ मिनिटं. तास मोडला की ६० मिनिटं मिळतात, १०० नाहीत. यावर हशा होतो आणि मग प्रश्न टाकता येतो: आपण इथे नेमकं काय मोडलं? ५०३ मध्ये काय मोडतो?

आता काड्या काढा. शाळेला मिळालेली गणित पेटी पुष्कळदा कपाटात कुलपात असते, साहित्य हरवलं तर जबाबदारी कोणाची या धास्तीने. तिच्यावाचून अडत नाही. तुरीच्या काड्या किंवा खराट्याच्या काड्या आणि रबर यांत काम भागतं. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक, दहा गठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा म्हणजे शतक. ५०३ मांडा: पाच मोठे गठ्ठे, तीन सुट्या काड्या. सात सुट्या काढून द्यायच्या आहेत. सुटे दशक नाहीत, म्हणून एक शतक सोडा. चार शतक, दहा दशक, तीन सुट्या. त्यातला एक दशक सोडा. चार शतक, नऊ दशक, तेरा सुट्या. आता मोजून बघा, काड्या ५०३ च आहेत. हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून आलं पाहिजे, कारण उद्या वर्गात तेच विचारायचं आहे: 'गठ्ठे सोडले, तर काड्या कमी झाल्या का?'

गठ्ठ्यांनंतर शंभर, दहा आणि एकच्या खेळातल्या नोटा घ्या. काड्या मोजून खात्री करता येते, नोटेत ती सोय नाही. दहाच्या नोटेत दहा एक दिसत नाहीत, ते मानून घ्यावे लागतात. म्हणून काड्या आधी, नोटा नंतर, आणि मग वहीतली मांडणी. काही शिक्षक थेट नोटांवर येतात आणि मग ३६४ वाली मुलं तिथेच अडकतात.

एक आडवाट. घरातली वयस्क माणसं कधी 'वर दहा, खाली एक' या रीतीने वजाबाकी करतात: तेरातून सात, मग खालच्या सहाचे सात करून दहातून सात, दोनाचे तीन करून पाचातून तीन. उत्तर २३६ च येतं. मूल घरून ही रीत घेऊन आलं तर तिला चूक म्हणू नका. दोन्ही संख्यांत सारखंच मिळवलं की फरक बदलत नाही, एवढाच तिचा आधार आहे. पण एकाच मुलाला एकाच आठवड्यात दोन्ही रीती शिकवल्या तर गोंधळ नक्की.

पाठ मिळून आखा

इथे सुंदर टाचण लिहीत बसू नका. चार गोष्टी कागदावर आल्या की झालं: उदाहरणांचा क्रम, मुलं कुठे चुकतील, त्या क्षणी शिक्षक काय विचारेल, आणि ज्यांना येतं ती मुलं आणि शेजारचा दुसरा वर्ग तेवढ्यात काय करतील.

क्रमात सर्वाधिक डोकं घाला. ५२ − २७ वरून थेट ५०३ − २६७ वर उडी मारू नये. मध्ये ३४० − १२६ आणि मग ४०० − १५६ येऊ द्या. प्रत्येक उदाहरणाआधी अंदाज विचारा: उत्तर २०० च्या वर येईल की खाली? ३६४ काढणाऱ्या मुलाने '५०० मधून पावणेतीनशेच्या आसपास गेले, तर अडीचशेच्या आत उरतील' असं आधी म्हटलेलं असेल, तर स्वतःचं उत्तर त्यालाच खटकतं.

चौथी गोष्ट, बाकीची मुलं तेवढ्यात काय करतील, आपल्याकडे फार महत्त्वाची. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे एकेकाकडे दोन-तीन वर्ग. चौथीला वजाबाकी शिकवताना तिसरी काय करते आहे, हे आखलं नसेल तर उत्तम पाठही दहाव्या मिनिटाला 'सर, हा मारतोय' मध्ये वाहून जातो. तिसरीला त्याच काड्यांवर दोन अंकी उदाहरणं द्या, जोड्या लावून. साहित्य एक, संख्या वेगळ्या.

वर्गात कुठे बसायचं

मागच्या बाकावर किंवा सतरंजीच्या टोकाला, तीन-चार मुलांच्या शेजारी. तुमची नजर शिक्षकावर नको, त्या मुलांच्या हातांवर हवी. कोणी काडी न मोजता शेजारच्याचं बघून लिहिलं, कोणी गठ्ठा सोडला पण वहीत काहीच बदललं नाही, ते टिपा. शिक्षकाचं एखादं वाक्य चुकलं तरी मधे बोलू नका. गणितच चुकीचं फळ्यावर राहत असेल तर हळूच विचारा, 'सर, हे एकदा काड्यांवर बघू या का?' आणि शिक्षक म्हणत असतील तर पाठाचा एखादा भाग तुम्ही घ्या. घेतलाच पाहिजे, असं मी म्हणेन. ज्याने या वर्गात खडू धरला नाही, त्याच्या सल्ल्याला शाळेत फारसं वजन नसतं.

पाठानंतरची पंधरा मिनिटं

त्याच दिवशी बोला, मधल्या सुट्टीत का होईना. 'पाठ छान झाला, पण...' ही सुरुवात टाळा, तिच्यातलं 'पण' सगळ्यांना ऐकू येतं. टिपलेल्या गोष्टीपासून सुरू करा. अशी चर्चा साधारण या वळणाची असते:

'मॅडम, मागच्या रांगेतल्या त्या दोघींनी शतकाचा गठ्ठा सोडला, दहा दशक मोजले, पण वहीत पाचाचे पाचच ठेवले.'

'हो का? मला तर त्यांचं झालंय असं वाटलं. काड्या बरोबर होत्या ना.'

'काड्या बरोबर होत्या. मग वहीत का आलं नसेल?'

'आधी सगळं काड्यांवर करून घेतलं आणि मग वही काढायला लावली, म्हणून असेल. एक गठ्ठा सोडला की लगेच लिहायचं, असं केलं तर?'

'उद्या तेवढंच करून बघा. मी गुरुवारी येतो तेव्हा त्या दोघींच्या वह्या बघू.'

सूचना एकच आणि तीही शिक्षिकेने स्वतः काढलेली. पाच सूचना दिल्या तर पाचही विसरल्या जातात. आणि गुरुवार म्हटलं तर गुरुवारी जायचं. जमणार नसेल तर फोन करून वह्यांचे फोटो मागवायचे.

दुसरे घटक घेताना कुठे बघायचं

भागाकारात ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ येतं, मधलं शून्य गळतं. सहाशे भागिले सहा शंभर, तेव्हा उत्तर शंभराच्या वर हवं, हा अंदाज आधी घेतला तर ही चूक मुलालाच दिसते.

अपूर्णांकांत एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. समच्छेद करायचा नियम पुन्हा सांगण्याआधी विचारा: अर्ध्या भाकरीत आणखी भर घातली आणि अर्ध्याहून कमी भाकरी कशी झाली? त्याही आधी तीन भाकऱ्या चार मुलांत वाटायचं काम द्या आणि वाटण्याच्या किती तऱ्हा निघतात ते बघा. इथे शिक्षकालाही मदत लागते. छेद म्हणजे 'खालचा अंक' एवढीच ओळख पुष्कळांची असते.

दशांशात ०.३५ मोठा की ०.८? '३५ मोठे' असं उत्तर आलं की समजावं, मूल टिंबापुढचा भाग स्वतंत्र पूर्ण संख्या म्हणून वाचतंय. पैशांचं उदाहरण इथे सांभाळून द्या. साडेतीन रुपये ३.५० लिहायची सवय असल्याने ३.५ आणि ३.०५ मधला फरक पैशांतून नीट कळत नाही, मीटरपट्टीवर लवकर कळतो.

पहिली-दुसरीत संख्यावाचन. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणून ५२ लिहिणारी मुलं सगळीकडे भेटतात. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारंही मूल भेटेल, त्याने 'तीस' ऐकलेलं असतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढी धूळ उडाली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरं आणि उलट क्रम यांचा मुलांना त्रास होतो, हे तेव्हा समजावून सांगितलं होतं. तुमची बाजू कोणतीही असो, त्या अडचणीची दखल वर्गात घ्यावी लागते. पंचवीस म्हणजे वीस आणि पाच, हे गठ्ठ्यांवर रोज थोडं म्हणून घेतलं तर दोन्ही वाचनं सुखाने नांदतात.

शिक्षण परिषदेचा उपयोग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ते तास भाषणांत घालवायचे की वह्यांवर, हे आपल्या शाळांच्या केंद्रात ठरवता येतं. दर शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या नियमित बैठकीत, एक तास राखून ठेवा. प्रत्येकाने एकाच घटकाच्या, मुलांची नावं झाकलेल्या वह्या आणायच्या. चार-चारच्या गटात ढीग लावायचे आणि एका ढिगासाठी उद्याचा एक प्रश्न लिहायचा. घटक तीन महिने बदलायचा नाही. शाळाशाळांची तुलना करायला मात्र या तासात कुणालाही परवानगी देऊ नका. एकदा ती झाली की पुढच्या खेपेला सगळ्यांच्या वह्या स्वच्छ आणि बरोबर येतील, निवडून आणलेल्या.

सहा-सात आठवड्यांनी तीच पाच उदाहरणांची चिठ्ठी, संख्या बदलून, पुन्हा द्या. ३६४ सारख्या ढिगातली मुलं २४६ सारख्या ढिगात आली असतील तर ती प्रगतीच आहे, शेकडेवारीत दिसत नसली तरी. शिक्षकाला ती दाखवा आणि अहवालातही शब्दांत लिहा.

काही शिक्षक नकोच म्हणतील. त्यांच्या मागे लागू नका. शेजारच्या शाळेतल्या वह्या परिषदेत बघून त्यांच्यातले एक-दोन पुढे विचारायला येतात, नाही आले तर पुढच्या वर्षी बघू. आणि बदल्यांची यादी लागण्यापूर्वी प्रत्येक शाळेत एक साधी फाइल करून ठेवा: चुकांचे नमुने, उदाहरणांचा क्रम, चाललेले प्रश्न. तिच्यावर शिक्षकाचं नाव नको, वर्ग आणि घटक पुरे. जून महिन्यात त्या वर्गावर नवे गुरुजी आले की पहिल्या भेटीत हीच फाइल त्यांच्या हातात द्यायची आणि नव्याने पाच उदाहरणांची चिठ्ठी काढायची.